घोटभर शांतता

४ जुलै

चि. मास्तरीणबाई,

तुझे प्राचार्य आभार मानताना म्हणाले की मी माझं अमूल्य भाषण विनामूल्य दिलं. विनामूल्य कसलं बाई? खरा खर्च ऐक. भाषणासाठी नवे बूट घेतले, ते टाचेला चावले. कारखान्यात मी लंगडतोय आणि माझा फोरमन माझ्यामागे तस्साच लंगडत चालून लोकांना हसवतोय, असं दोन दिवस चाललं. लग्नातला कोट काढला, त्याच्या बटणांचं आणि माझ्या पोटाचं काही जमेना. मामीने घरापासून तुझ्या फाटकापर्यंत त्यावर जे व्याख्यान दिलं, ते माझ्यापेक्षा सरस होतं. घसा बसला, त्यामुळे एका जुन्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करता आली नाही आणि तो म्हणेल त्या भावाला मान डोलावून बसलो. आणि सगळ्यात महाग पडली ती तुझी ती मुलगी.

मी बोललो ते तू ऐकलंसच. खोकी भरायला लागलो होतो, आज बिजागऱ्यांचा स्वतःचा कारखाना आहे. माझ्या बिजागऱ्या किती देशांच्या कपाटांना लागल्या असतील ते मलाही सांगता येणार नाही. आणि यातलं काहीएक वर्गात बसून शिकलो नाही, कान उघडे ठेवले एवढंच. दाराबाहेर पाच माणसं येऊन उभी राहिली तर त्यांतला साहेब कोण, हे मी नुसत्या पावलांवरून सांगतो. आजवर एकदाही चुकलेलो नाही. इथे पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच थांबायला हवं होतं मी.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची ती उठली. म्हणाली, "सर, तुम्ही त्यांना ओळखता, हे कळलं. पण ते तुम्हाला काय समजतात, हे तुम्हाला कुठून कळतं?" मी तोंड उघडायच्या आत तिने स्वतःच उत्तर दिलं, मग त्या उत्तरावर हरकत घेतली, मग ती हरकतही खोडून काढली. वर्ग हसून लोळला, मीही हसलो. पण प्रश्न कानात अडकलाय तो अडकलाच. कोण ग ती?

आणि रागावू नकोस, पण "परक्यांशी वागणं-बोलणं" हा विषय शिकवून कुणाला नोकरी लागते का? वागणं माणूस धक्के खाऊन शिकतो. धक्क्यांची फी नसते.

फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी हो म्हणून मोकळा होतो. कागद बिचारा ऐकून घेतो.

तुझा,
मामा


९ जुलै

प्रिय मामा,

टाचेला मलम लाव आणि फोरमनला माझा नमस्कार सांग, माणूस गुणी दिसतो.

धक्क्यांची फी नसते म्हणतोस? तुझ्या घशाचा हिशेब तूच पत्रात मांडलायस, आठवून बघ.

माझा विषय काय आहे, ते एका तासावरून सांगते. पहिल्याच दिवशी मी मुलांना विचारते, "कुणी तुम्हाला भेटायला बोलावलं, तर किती उशीर झाला म्हणजे उशीर झाला?" प्रत्येकाने कागदावर लिहायचं, शेजाऱ्याला दाखवायचं नाही. मग मी कागद फळ्यावर लावते. मामा, एकाच गावातली, एकाच बसने येणारी ही मुलं. पण एक लिहितो, मिनिटभरही उशीर म्हणजे अपमान. एक लिहिते, जेवणं उरकायच्या आत पोचलं की झालं. एकाने लिहिलं होतं, "बोलावणारा आमच्यापेक्षा मोठा की लहान, त्यावर अवलंबून." मुलं फळ्याजवळ येऊन एकमेकांचे कागद वाचतात आणि वळून एकमेकांकडे बघतात. रोज बसमध्ये ज्याच्या मांडीला मांडी लावून बसतो, तो दुसऱ्याच घड्याळावर जगतोय! दर वर्षी हा तास घेते आणि दर वर्षी माझ्या अंगावर काटा येतो. एका खोलीत एवढी जगं मावतात कशी?

आता ती मुलगी. तिला सगळे रेडिओ म्हणतात, तीही स्वतःला तेच म्हणते. वर्गात सगळ्यांत हुशार. मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना आवडते आणि पुढच्या दहा मिनिटांत नकोशी होते. दोन ठिकाणी लागली होती, दोन्हीकडून परत आली. एका ठिकाणी परदेशी पाहुणे जरा विचार करायला थांबले, तर तिला वाटलं ते नाराज झाले. मालकाच्या वतीने तिनेच माफी मागून टाकली. कशाची, ते कुणालाच कळलं नाही.

आणि आता माझी गोष्ट. संचालक मंडळाने फर्मान काढलंय: ज्या विषयाची सगळी मुलं ऑगस्टअखेर कामाला लागणार नाहीत, तो विषय बंद. माझी सगळी लागली. एक राहिलीय. ती टिकली तर विषय टिकला, नाही तर माझ्या तासाला पुढच्या वर्षी टायपिंग.

तू तिला ठेवून घेतोस का? उपकार म्हणून नको. तीन आठवडे बघ, नाही पटली तर सरळ काढ. मी शब्दाने बोलणार नाही.

तुझी,
भाची


२ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाई,

तुझा रेडिओ कारखान्यात लागला आणि आमच्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा आवाज ऐकू येईनासा झाला.

पोरगी चांगली आहे, हे आधी सांगतो. पॉलिशवाल्यांपासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांची नावं, सगळ्यांच्या घरची दुखणी तिला पाठ. मामीला तर ती इतकी आवडलीय की दुपारचा डबा आता तिच्या नावाने येतो, त्यातलं उरलं तर मला. पण बाई, काय बोलते! परवा एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, "माल निघाला का?" सरळ "निघतोय" म्हणायचं की नाही? हिने त्याला सांगितलं की प्रेसमधली साच्याची डाय तुटली होती, ती कशी तुटली, कोणामुळे तुटली, आणि मी त्यावर कोणते शब्द वापरले. शब्दांसकट. तो माणूस हसला म्हणून वाचलो. फोरमन म्हणाला, "मालक, हिला बिजागरीसारखं तेल लागत नाही, कुलूप लागतं."

मी तिला बोलावून विचारलं, "अग, मधे जरा थांबत का नाहीस?" तर काय म्हणाली माहीत आहे? "काका, कुणी गप्प बसलं ना की मला वाटतं माझंच काहीतरी चुकलंय." एवढं बोलून ती गप्प बसली, आणि मलाही वाटलं माझंच काहीतरी चुकलंय! मग मीच बडबडायला लागलो. हे तुला म्हणून सांगतो.

आता मुद्द्याचं. पुढल्या आठवड्यात सीमेपलीकडून कपाटवाले येतायत. त्यांच्या गावात माझी बिजागरी आजवर गेलेली नाही. हे काम मिळालं तर मला दुसरी प्रेस टाकता येईल आणि रेडिओला कायम करता येईल. नाही मिळालं तर, खरंच सांगतो, तिला ठेवणं मला परवडणार नाही. म्हणून बैठकीत मी तिला बसवणार नाही. तिने तोंड उघडलं की दोघांचंही वाटोळं. बाहेर पाहुण्यांचं स्वागत करू दे, खुर्च्या-पाणी बघू दे.

वाईट वाटून घेऊ नकोस.

मामा


५ ऑगस्ट

प्रिय मामा,

वाईट वाटलं. आता ऐक.

त्या भागातल्या लोकांबरोबर माझी एक जुनी विद्यार्थिनी काम करते. काल तिच्याशी तासभर बोलले. असंही जगता येतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

त्यांच्यात नमुना टेबलावर ठेवला की तो हातोहात फिरतो. सगळ्यांच्या हातून फिरून होईपर्यंत कुणी एक शब्द बोलत नाही. ही नाराजी नव्हे, मामा. हा मान असतो. "तू इतका खपून ही वस्तू केलीस, तर मी तिला माझा पूर्ण वेळ देतो," असं त्यांचं गप्प बसणं सांगतं. त्या वेळी जो बोलतो, तो जणू दुसऱ्याच्या पायावर पाय देतो. आणि भाव खाली आणणारा तर स्वतःच सांगतो की माझ्या वस्तूत खोट आहे.

मग बोलायला सुरुवात करतो तो सगळ्यांत लहान. का, तर मोठा आधी बोलला की धाकट्यांची मतं त्याच्या मताखाली चिरडतात. लहान, मग त्याहून मोठा, असं चढत जातं. जो सगळ्यांच्या शेवटी बोलतो, तो ठरवतो. हे नीट लक्षात ठेव.

रेडिओला आत बसव. हात जोडून सांगते. तुला वाटतं ती बोलेल, मला भीती वाटते तू बोलशील. घराण्यात गप्प बसणं नाही आपल्या. शांतता झाली की तुझा हात आधी कानाच्या पाळीकडे जातो आणि मग तू काहीतरी देऊन टाकतोस. आईच्या वाट्याचं शेत तू तिला असंच दिलंस, तिने मागितलंही नव्हतं.

वर्गात आम्ही गप्प बसायचा सराव करतो. ज्याला अगदीच राहवत नाही त्याने पाण्याचा घोट घ्यायचा आणि गिळायचा नाही, तोंडातच धरायचा. रेडिओला वर्षभरात एकदाही जमलं नाही, दर वेळी समोरच्याच्या अंगावर पाणी. पण ते करायचं कशासाठी, हे तिला जितकं कळलंय तितकं कुणालाच नाही.

मंडळाची बैठक एकतीसला आहे.

भाची


२९ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते उमजत नव्हतं. मी! ज्याच्या तोंडालाही खरं तर कुलूप लागायचं, तो मी.

पाहुणे आले. मी आत होतो, रेडिओ फाटकाशी. पायऱ्यांवर पावलं वाजली आणि मी कान दिला. पहिली पावलं तुरुतुरु, हा तरुण, कागद सांभाळणारा. दुसरी जरा ओढत, हा मधल्या वयाचा, गुडघेदुखीवाला. मग टाचांचा टकटकाट, ती दुभाषी बाई. एक अगदी हलकी, जवळजवळ न वाजणारी. आणि सगळ्यांच्या मागून जड, सावकाश, एकसारखी. घाई नाही, संकोच नाही. म्हटलं, हा साहेब.

दार उघडलं तर अगदी तसाच. उंच, रुंद खांद्यांचा, पांढरीशुभ्र दाढी. बाकीच्यांच्या हातात बॅगा, याचे हात मोकळे. ज्याच्या हातात काही नसतं तो साहेब, हा माझा जुना ठोकताळा. मी पुढे होऊन त्याचा हात धरला, टेबलाच्या मुख्य जागेची माझी स्वतःची खुर्ची ओढली आणि त्याला बसवला. विनय बघ त्या माणसाचा! दोनदा उठायला गेला. दोन्ही वेळा मी खांद्याला धरून बसवला. बाकीचे दारातच उभे राहून बघत राहिले. ती हलक्या पावलांची एक म्हातारीशी बाई होती, हातात कापडी पिशवी, तिने तर हात छातीशी नेला. मग सगळे मुकाट्याने बसले. म्हटलं, चांगली सुरुवात झाली. साहेबाचा मान राखला की निम्मं काम होतं.

नंतर वर आलेल्या रेडिओला कोपऱ्यात बसवलं, तुझ्या हट्टापायी. ती माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. मी तिला खुणेने सांगितलं, गप्प.

बिजागरी टेबलावर ठेवली. तरुणाने उचलली. आणि मास्तरीणबाई, ती शांतता सुरू झाली.

तू लिहिलं होतंस ते मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि तीत बसणं वेगळं. पाण्यात कसं पडायचं हे वाचावं आणि मग खरंच पडावं, तसं. तरुण बिजागरी उघडतोय, मिटतोय, उजेडात धरतोय. माझ्या मनात एकच: आवडली नाही. हात कानाच्या पाळीकडे गेला. तोंड उघडलं. भाव कमी करतो, असं म्हणणार, एवढ्यात माझ्यापुढे पाण्याचा पेला आला. रेडिओ उभी. तिचे दोन्ही गाल टम्म फुगलेले, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि ती बोटाने पेला दाखवतेय. मी घोट घेतला आणि धरला.

असे आम्ही दोघं बसलो. एक कारखानदार आणि एक रेडिओ, गाल फुगवून.

मग काय झालं ते सांगतो. हसू नकोस. मला ऐकू यायला लागलं.

आधी प्रेस. तिचा ठोका मला झोपेतही ओळखू येतो, असं मी म्हणत आलो. पण प्रत्येक ठोक्याआधी ती लहान मुलासारखा श्वास घेते, हे आजवर ऐकलंच नव्हतं. मग छपराचा पत्रा, उन्हाने तापून तडतडणारा. खालच्या मजल्यावर कुणीतरी गुणगुणत होतं. मग या सगळ्यांच्या खाली, अगदी बारीक, बिजागरीचा आवाज. माझ्या बिजागरीचा! मी आयुष्यभर बिजागऱ्या केल्या, विकल्या, मोजल्या. एकही ऐकली नव्हती. तरुणाच्या हातात ती पटकन बोलायची. गुडघेदुखीवाल्याच्या हातात दबकत. दुभाषी बाईने सुद्धा दोन्ही हातांत घेतली. साहेबाने तर कानाशी नेली, डोळे मिटले, उघडली, मिटली, आणि मान हलवली. आणि म्हातारीच्या हातात ती इतकी सावकाश उघडली की दार कुठल्या घराचं उघडतंय ते बघावंसं वाटलं.

मला वाटत होतं ते गप्प आहेत. ते गप्प नव्हतेच ग. सगळे एकाच गोष्टीकडे बघत होते, इतकंच. पाच परकी माणसं माझ्या हातच्या वस्तूला असा वेळ देतायत, आणि मी तो भाव पाडून मोडायला निघालो होतो. डोळे भरून आले. तोंडात पाणी, डोळ्यांत पाणी. माझं मलाच कळेना मी कुठून गळतोय.

मग तरुण बोलला. पिन किंचित वर आलीय म्हणाला. खरं होतं. गुडघेदुखीवाल्याने भोकांचं अंतर विचारलं. एकाने म्हटलेलं दुसरा पुन्हा म्हणत नव्हता, त्यावर पुढची वीट ठेवत होता. शेवटी म्हातारीने कडेवरून बोट फिरवलं आणि दुभाषीकरवी विचारलं, "ही घासणारा माणूस डावखुरा आहे का?" मी खुणेनेच पॉलिशवाल्याला वर बोलावलं. डावखुरा! आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हातारीने उठून त्याचा डावा हात हातात घेतला. तो बिचारा माझ्याकडे बघतोय, काही चुकलं का म्हणून. मी मान हलवली. माझ्या तोंडात अजून पाणी होतं.

काम मिळालं. पहिली खेप लहान, पण भाव मी सांगितला तोच, कारण मी दुसरा सांगितलाच नाही. रेडिओ परवापासून कायम. तुझ्या मंडळाच्या तोंडावर फेक हे पत्र.

एकच लिहायचं राहिलं. ते साहेब सबंध बैठकीत एक शब्द बोलले नाहीत. सगळं त्या म्हातारीच्या तोंडून वदवलं. केवढा मोठा माणूस असेल!

मामा


३ सप्टेंबर

प्रिय मामा,

पत्र मंडळापुढे मोठ्याने वाचलं. पाण्याच्या घोटापर्यंत येईतो प्राचार्य रुमालाने डोळे पुसत होते, हसून की कशाने ते मी विचारलं नाही. विषय राहिला. टायपिंगला दुसरा तास दिला. घरी येऊन मी दार लावलं आणि एकटीच टाळ्या वाजवल्या.

तुझं ते बिजागरी ऐकण्याचं मी पुन्हा पुन्हा वाचते. मी इतकी वर्षं शिकवते, पण मला अजून ते ऐकू आलेलं नाही. मला तुझा हेवा वाटतो, हे लिहून ठेवते, पुन्हा लिहिणार नाही.

फक्त एक विचारायचं होतं. शेवटी बोलली ती म्हातारीच ना?

भाची


९ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाई,

हो हो, तीच. पण तुझं पुस्तक तिथे थोडं कमी पडलं, ते दुरुस्त करून घे. तो नियम साध्या साहेबांना. खरा मोठा असतो त्याला शेवटीही बोलावं लागत नाही, तो नुसता बसतो. म्हातारी बोलताना मधून मधून त्याच्याकडे बघत होती, मी पाहिलं ना. पुढच्या वर्षी भाषणाला बोलाव, त्या वेळी विषय मी देतो: "साहेब ओळखावा कसा." जुने बूट घालून येईन.

पहिली खेप निघाली. तिच्याबरोबर रेडिओला दोन महिन्यांसाठी तिकडेच पाठवलीय, माल लावून द्यायला. निघताना मी म्हटलं, "साहेबांना माझा नमस्कार सांग." तर पोरीने पाण्याची बाटली काढली, घोट घेतला आणि गाल फुगवून नुसती मान हलवली. थट्टेखोर कार्टी.

मामीला करमत नाही. डबा पुन्हा माझ्या नावाने येतो, पण त्यात पूर्वीचा जीव नाही.

मामा


२० नोव्हेंबर

प्रिय मामा,

रेडिओ काल परत आली आणि स्टेशनवरून सरळ माझ्याकडे. रात्रभर बोलली. पण आता मधे मधे थांबते, आणि थांबली की तिच्या चेहऱ्यावर भीती नसते. समोरच्याला जागा करून दिल्यासारखी थांबते. मीच बावरून बोलायला लागले दोनदा.

तुला मुद्दाम सांगायला हवी अशी एक गोष्ट तिने सांगितली. शांतपणे वाच, हवं तर घोट घेऊन.

त्यांच्याकडे एक नवी रीत सुरू झालीय. बाहेरगावचे व्यापारी येतात, तेव्हा ती म्हातारी बाई स्वतः टेबलाची मुख्य खुर्ची ओढते आणि त्यांची गाडी चालवत आलेल्या माणसाला आधी बसवते. मग बाकीचे बसतात. पहिल्यांदा रेडिओने हे पाहिलं तेव्हा तिने विचारलं, हे तुमच्यात पूर्वीपासून आहे का? म्हातारी म्हणाली, "नाही. हे आम्ही एका बिजागरीवाल्याकडून शिकलो. आम्ही त्याच्या दारात गेलो, आणि आम्हाला सुखरूप आणणाऱ्याला त्याने आधी, हाताला धरून, स्वतःच्या खुर्चीत बसवलं. तो उठायला लागला तर त्याला उठू दिलं नाही. इतकी वर्षं मी त्याच्या पाठीमागे बसून प्रवास करते, पण त्याला कधी 'बस' म्हटलं नव्हतं. ज्याच्याकडे अशी रीत आहे, त्याचा माल बघायचीसुद्धा गरज नव्हती. तरी आम्ही बघितला, मान म्हणून."

कारखाना तिचाच आहे, मामा. कपाटं तिच्या वडिलांपासूनची.

रेडिओ त्या दिवशी फाटकाशी होती. गाडी कुठे लावायची ते तिनेच हात करून दाखवलं होतं. म्हणजे तिला पहिल्या क्षणापासून सगळं माहीत होतं, आणि तिने कुणाला सांगितलं नाही. तुला नाही, मामीला नाही, फोरमनला नाही, तिकडे त्या बाईला तर नाहीच. मी विचारलं, "अग, तुला राहवलं कसं?" म्हणाली, "त्यांना काका मोठे वाटत होते, काकांना ते मोठे वाटत होते. बाई, मी मधे बोलून दोघांना लहान कशाला करू?"

मी वर्गात इतकी वर्षं जे शिकवते, ते मला कधी एवढ्या थोडक्यात सांगता आलं नाही. मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मला तिने सांगितलं, कारण तू भाषणाचा विषय ठरवलायस हे तिला मामीकडून फोनवर कळलं. तेव्हा विषय बदल. भाषणाला मात्र नक्की ये, मुलं वाट बघतायत.

तुझी,
भाची

ता. क. पांढऱ्या दाढीवाल्याने तुला आठवणीने नमस्कार सांगितलाय. त्यांनी आता नवी गाडी घेतलीय. तीही तोच चालवतो.